खोक्यात आलेले कपाट पुन्हा सुटे करून हलवताना

विचारणा थोडक्यात अशी आहे. पुण्यात वाकडला तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक दांपत्य जुलैअखेर नाशिकला बिऱ्हाड हलवत आहे. त्यांच्याकडे तीन शटरचे, २१०० मि.मी. उंचीचे कपाट आहे आणि त्याच्या मधल्या शटरवर आरसा आहे. शिवाय हायड्रॉलिक डबल बेड, अभ्यासाचे टेबल आणि चपलांचे लहान कपाट आहे. सगळे पार्टिकल बोर्डचे असून चार वर्षांपूर्वी सपाट खोक्यांतून आले आणि कंपनीच्या फिटरने घरी जोडून दिले. सामान हलवणाऱ्या ठेकेदाराचे म्हणणे असे, की हे फर्निचर एकदा उघडले की पुन्हा धरत नाही, तेव्हा विकून टाका आणि तिकडे नवे घ्या. हे खरे आहे का, आणि खरे नसेल तर आम्ही दोघे ते काम स्वतः करू शकू का, असे त्यांनी विचारले आहे.

ठेकेदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. घाईने, ड्रिल मशीन लावून, उभ्या कपाटाची पाठ आधी उचकटून काढली तर ते खरोखरच पुन्हा धरत नाही. क्रमाने आणि हाताने उघडलेले कपाट मात्र नव्या घरी पूर्वीइतकेच घट्ट उभे राहते. माझ्या कामात अशी कपाटे दोनदा घर बदलूनही सरळ उभी असलेली मी पाहतो आणि वाहतुकीपूर्वीच वाया गेलेलीही पाहतो. फरक फळीच्या दर्जाचा कमी आणि उघडण्याच्या पद्धतीचा जास्त असतो. स्वीडनमध्ये आयकियाने १९५६ मध्ये पाय सुटे होणारे टेबल बाजारात आणले आणि पुढे या प्रकारचे फर्निचर जगभर पसरले, ते मुख्यतः कारखान्यापासून घरापर्यंतची वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून. म्हणजे त्याची रचना जोडणीपूर्वीच्या प्रवासासाठी झालेली असते. जोडणीनंतरचा प्रवास आपल्याला सांभाळून घडवून आणावा लागतो.

आधी फळीचा स्वभाव समजून घ्यावा. सागवानाच्या फळीत सलग रेषा असतात आणि स्क्रूचे आटे त्या रेषांना धरून बसतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा बारीक चुरा आणि रेझिन यांचे दाबून केलेले मिश्रण. त्याचे दोन्ही पृष्ठभाग दाट आणि टणक असतात, पण मधला थर भरड आणि पोकळसर असतो. पृष्ठभागातून आत गेलेला स्क्रू बऱ्यापैकी धरतो, तर कडेतून गेलेला त्या भरड थरात बसत असल्याने कमी धरतो. आटे एकदा घासले गेले की भुसा झडतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. त्यामुळे वाहतुकीत फळी क्वचित मोडते. निकामी होते ते तिच्या कडेजवळचे भोक. पुढे सांगितलेली प्रत्येक खबरदारी ही भोके वाचवण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवले तर कोणती गोष्ट का करायची ते वेगळे सांगावे लागणार नाही.

तुमच्या कपाटात तीन प्रकारचे जोड सापडतील. पहिला मिनिफिक्सचा. आडव्या फळीत १५ मि.मी. व्यासाची गोल धातूची चकती बसवलेली असते आणि उभ्या फळीतून बाहेर आलेल्या बोल्टचे डोके तिच्या खाचेत अडकते. चकतीवर बहुधा प्लास्टिकचे टोपण असते, ते पातळ पात्याने अलगद उचलावे. दुसरा जाड, लांब आट्यांचा स्क्रू, जो बाहेरून थेट दुसऱ्या फळीच्या कडेत शिरतो आणि बहुतेक वेळा ४ मि.मी.च्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, फिरतो. तिसरा लाकडी डॉवेलचा, म्हणजे ८ मि.मी.च्या गोल खुंट्यांचा. या खुंट्या कोरड्या बसवलेल्या असतील तर सुटतात, पण फिटरने त्यांना फेव्हिकॉल लावला असेल तर तो जोड उघडण्याचा प्रयत्नच करू नये. चिकटवलेला जोड ठोकून उघडला की फळीचा तुकडा खुंटीबरोबर बाहेर येतो. सगळ्या चकत्या आणि स्क्रू सैल करूनही जोडात केसाएवढीही फट पडली नाही, तर आत गोंद आहे असे समजावे आणि तेवढा भाग अखंडच न्यावा.

मिनिफिक्स उघडणे सोपे दिसते, पण नुकसान सर्वात जास्त येथेच होते. चकतीच्या तोंडावर एक छोटा बाण कोरलेला असतो. बोल्ट ज्या कडेतून आत आला आहे त्या कडेकडे बाण वळला, की कुलूप पूर्ण सुटले. त्यासाठी चकती घड्याळाच्या उलट दिशेने साधारण अर्धा फेरा फिरवावी लागते. फेरा संपल्यावर हाताला स्पष्ट अडथळा जाणवतो, तेथे थांबावे. पुढे जोर दिला तर जस्ताच्या मिश्रधातूची ती चकती फुटते आणि मग बोल्ट आतच अडकून बसतो. १८ मि.मी. जाडीच्या फळीत चकतीसाठी साधारण १३ ते १४ मि.मी. खोल भोक पाडलेले असते, म्हणजे तिच्यामागे जेमतेम ४ ते ५ मि.मी. जाडीचा पापुद्रा उरतो. कुलूप अर्धवट सुटलेले असताना फळी डावीउजवीकडे हलवून काढू पाहिली, तर बोल्ट तरफेसारखा काम करतो आणि तो पापुद्रा फोडून बाहेर येतो. म्हणून एका फळीच्या सगळ्या चकत्या सुटल्याची बाण पाहून खात्री करावी आणि मगच ती फळी दोन्ही टोकांना धरून एकाच वेळी सरळ रेषेत ओढावी. खुंट्या फुगून अडल्या असतील तर जोडालगत लाकडाचा ठोकळा धरून त्यावर रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. हातोडी फळीवर थेट मारू नये आणि फटीत पेचकस घालून उचकटू नये.

हत्यारे फार लागत नाहीत, पण योग्य लागतात. चकत्या आणि बिजागऱ्यांचे स्क्रू यांची खाच बहुतेक ठिकाणी पॉझिड्राइव्ह प्रकारची, दोन नंबरची असते. साधा चौफुली पेचकस तीत बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की निसटतो आणि खाच गोल करून टाकतो. पीझेड २ असे लिहिलेला पेचकस हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोच घ्यावा. ४ आणि ५ मि.मी.च्या ॲलन की, बेडसाठी पान्यांचा संच, रबरी हातोडी, मेजपट्टी, पेन्सिल, मास्किंग टेप, झिपच्या छोट्या पिशव्या आणि जुन्या गोधड्या एवढ्यावर काम होते. ड्रिल मशीन वापरायचेच असेल तर फक्त लांब स्क्रू काढण्यासाठी, सर्वात कमी वेगावर वापरावे. जोडताना ते हातातही घेऊ नये, कारण आटे घासले गेल्याचे मशीनला कळत नाही, मनगटाला कळते.

काय उघडायचे आणि काय अखंड न्यायचे हे आधी ठरवा. चपलांचे कपाट उघडण्याची मुळीच गरज नाही. आतले कप्पे काढा, दार टेपने बंद करा आणि तसेच न्या. टेबलाचे पाय बोल्टने बसवलेले असतील तर पाय काढून वरची फळी वेगळी न्यावी, पण पाय त्याच पार्टिकल बोर्डचे आणि स्क्रूने जोडलेले असतील तर टेबल उलटे करून अखंड नेणे बरे. छोट्या वस्तूची भोके विनाकारण खर्ची घालण्यात काही अर्थ नाही. मोठ्या कपाटाला मात्र पर्याय नाही. पार्टिकल बोर्डची १८ मि.मी. जाड फळी चौरस मीटरला सुमारे १२ किलो भरते. तुमचे कपाट १३५० मि.मी. रुंद आणि ५५० मि.मी. खोल धरले तर सगळ्या फळ्यांचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटरच्या पुढे जाते, म्हणजे वजन ११० किलो आणि त्यावर आरसा. एवढे धूड अखंड उचलून तीन जिने उतरवणारी माणसे मिळतीलही, पण प्रत्येक वळणावर ते तिरके होते आणि सगळा पीळ जोडांवर येतो.

काम सुरू करण्याआधी फोनवर फोटो काढा. पूर्ण कपाट, उघड्या शटरसह आतील भाग, प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक बिजागरी असे सगळे त्यात यावे. मग प्रत्येक फळीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण लिहा. नुसते ‘डावी फळी’ असे लिहून भागत नाही, कारण फळी आडवी पडली की डावी कोणती ते कळत नाही. वरची बाजू आणि पुढची बाजू दाखवणारे बाण काढावेत आणि जिथे दोन फळ्या भेटतात तिथे दोन्हींवर एकच अक्षर लिहावे. खाकी चिकटपट्टी लॅमिनेटवर आणि विशेषतः कडेला चिकटवलेल्या पातळ पट्टीवर, म्हणजे एज बँडवर, लावू नये. ती काढताना एज बँड सोबत निघून येतो. स्क्रू प्रत्येक जोडाच्या वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तेच अक्षर, आणि सगळ्या पिशव्या एका डब्यात घालून तो डबा स्वतःच्या हातातल्या सामानात ठेवावा. पिशवी फळीला चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण टेम्पोत ती घासून फाटते आणि शिवाय स्क्रू शेजारच्या फळीवर ओरखडे काढतात.

आता कपाटाचा क्रम. सगळे रिकामे करा, वरचे सामान उतरवा, आत सेन्सरचे दिवे असतील तर वीज बंद करून वायर सोडवा. कपाट भिंतीला पट्टीने बांधलेले असेल तर ती पट्टी या टप्प्यावर सोडू नका, शटर आणि ड्रॉवर निघेपर्यंत तिचा आधार हवा. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की दोन्ही चॅनलवर, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांवर, काळी प्लास्टिकची खिटी दिसते. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली अशा दोन्ही एकाच वेळी दाबल्या की ड्रॉवर सुटतो. चॅनलचा कपाटात राहिलेला अर्धा भाग स्क्रू काढून सुटा करू नये, तो फळीला तसाच राहू द्यावा. सैल कप्पे आणि त्यांच्या खिट्याही काढून घ्या.

शटर काढताना एकाने दार दोन्ही हातांनी धरावे आणि दुसऱ्याने बिजागऱ्या सोडाव्यात. सुरुवात खालच्या बिजागरीपासून करावी आणि सर्वात वरची शेवटी सोडावी, म्हणजे काम संपेपर्यंत दार वरून टांगलेले राहते आणि एकाएकी अंगावर येत नाही. नव्या प्रकारच्या ऑटो हिंजच्या मागच्या टोकाला दाबायची कळ असते, ती दाबली की हिंज आपल्या पट्टीवरून सुटते. जुन्या प्रकारात मागचा स्क्रू दोनतीन फेरे सैल करून हिंज सरकवावी लागते. दोन्ही प्रकारांत कपाटाच्या फळीवरची पट्टी काढायची नाही आणि दाराचा कोन जुळवणाऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही. पट्टी जागेवर राहिली तर भोके वाचतात आणि नव्या घरी दारे बऱ्याच अंशी आपोआप जुळतात. आरशाच्या दारासाठी मात्र दोघे कमी पडतात. ४ मि.मी. जाडीचा आरसा चौरस मीटरला १० किलो असतो, तो दाराच्या वजनात वाढतो, तेव्हा तिसरा माणूस बोलवावा. आरशावर कोनाकोनात टेप लावल्याने तो फुटायचा वाचत नाही, पण फुटल्यास तुकडे विखुरत नाहीत, म्हणून ती लावावीच.

यानंतरचा टप्पा सर्वात नाजूक आहे. कपाटाची पाठ म्हणजे बहुधा ३ मि.मी.चा पातळ तक्ता असतो, हाताने वाकतो, म्हणून तो महत्त्वाचा नाही असे वाटते. प्रत्यक्षात कपाट काटकोनात धरून ठेवण्याचे काम तोच करतो. उभ्या कपाटाची पाठ काढली की चौकट जराशा धक्क्यानेही एका बाजूला कलते आणि त्या क्षणी सगळ्या मिनिफिक्सवर एकदम पीळ येतो. म्हणून पाठ काढण्यापूर्वी कपाट आडवे करायचे, हा नियम मोडू नये. जमिनीवर गोधड्या घडी करून पसराव्यात, पंखा बंद करावा, आता भिंतीची पट्टी सोडावी, आणि तिघांनी मिळून कपाट पुढच्या तोंडावर, म्हणजे पाठ छताकडे येईल असे, हळू निजवावे. निजवताना खालच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो, तिथे गोधडीची जाड घडी आधीच सरकवून ठेवावी. खोली इतकी अरुंद असेल की कपाट निजवायला जागाच नाही, तर हे काम दोघांनी अंगावर घेऊ नये. उभ्याने उघडायला अनुभवी मिस्त्री आणि किमान तीन माणसे लागतात.

पाठ खिळ्यांनी ठोकलेली असेल तर चौकटीच्या आतून, कडेलगत लाकडी ठोकळा धरून हलके ठोके देत सगळीकडून थोडी थोडी वर उचलावी. एका कोपऱ्यातून ओढली तर ती फाटते. मग एका बाजूच्या उभ्या फळीला धरणाऱ्या सर्व चकत्या सोडाव्यात, बाण तपासावेत आणि ती फळी सरळ ओढून घ्यावी. त्यानंतर आडव्या फळ्या, मग मधली उभी फळी, शेवटी दुसरी बाजू. उभ्या फळीत राहिलेल्या बोल्टांबद्दल माझे मत असे आहे: बोल्ट थेट लाकडात बसलेला असेल तर तो काढू नये, कारण प्रत्येक काढघालीत भोक झिजते, त्याऐवजी त्याच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पट्ट्या चिकटवून डोके झाकावे. बोल्ट नायलॉनच्या बुशमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीत, बसलेला असेल तर खुशाल काढावा, तिथे काही झिजत नाही.

बेडकडे मी स्वतंत्रपणे लक्ष वेधतो, कारण कपाटात फळीला धोका असतो आणि बेडमध्ये माणसाला. हायड्रॉलिक बेडच्या नळकांड्यांत दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. नळकांड्यावर १००० एन (न्यूटन) असे लिहिले असेल तर ते एकटे सुमारे १०० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर रेटत असते, आणि अशी दोन असतात. गादीचे वजन गृहीत धरून हा जोर ठरवलेला असतो. गादी काढली की झाकण आपोआप उसळू पाहते. अशा वेळी झाकण बंद ठेवून त्यावरचा प्लाय काढायला घेतला, तर हलकी झालेली लोखंडी चौकट हनुवटीवर आदळू शकते. योग्य क्रम असा: गादी काढावी, झाकण पूर्ण उघडावे, म्हणजे नळकांडी पूर्ण लांब होऊन त्यांतला साठलेला जोर कमीत कमी राहतो. मग झाकणाखाली मजबूत लाकडी टेकू द्यावा, शिवाय एकाने झाकण धरून उभे राहावे, आणि दुसऱ्याने पान्याने किंवा टोकावरची क्लिप उचलून दोन्ही नळकांडी सोडवावीत. एक नळकांडे काढून दुसरे तसेच ठेवून चहाला जाऊ नये, झाकण पिळवटते. दोन्ही निघाल्यावर झाकणाचा सगळा भार हातांवर येतो, ते सावकाश खाली टेकवावे आणि मगच प्लाय वेगळा करावा. मुलांना या वेळी खोलीत येऊ देऊ नये. नळकांडे तापवू नये, त्याला भोक पाडू नये, आणि त्याचा चकचकीत दांडा कापडात गुंडाळून न्यावा, कारण दांड्यावर ओरखडा पडला की तेथून वायू झिरपतो.

फळ्या उचलताना आणि गाडीत ठेवताना त्या कायम लांब कडेवर उभ्या असाव्यात. आडवी धरलेली दोन मीटरची फळी स्वतःच्या वजनाने मध्यावर लवते आणि लॅमिनेटला तडा जातो. कडेवर धरली तर लवत नाही. भिंतीला टेकवताना पायथ्याशी सतरंजी घालावी, नाहीतर टाइलवर फळी सरकते आणि कोपरा फुटतो. प्रत्येक कोपऱ्याला पुठ्ठ्याची टोपी, दोन फळ्यांमध्ये पुठ्ठा किंवा गोधडी, तोंडाकडे तोंड आणि पाठीकडे पाठ अशी रचना करावी. टेम्पोत फळ्या लांबीच्या दिशेने, एका बाजूला ओळीने उभ्या कराव्यात आणि दोरी कडेवर येते तिथे पुठ्ठा घालावा. आरशाचे दार या ओळीच्या मध्यभागी असावे, पण कधीही आडवे नसावे. राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर असा हा रस्ता असून संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीचा घाट लागतो. घाटात वळणावर ओळ एका अंगाला रेलते, तेव्हा दोन्ही बाजूंनी गाद्या दाबून भराव्यात. घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून दोऱ्या एकदा पाहायला चालकाला सांगावे.

जुलैचा महिना ही तुमच्या प्रश्नातली खरी अडचण आहे. लॅमिनेट पाणी आत जाऊ देत नाही, पण भोके आणि खालच्या उघड्या कडा पाणी ओढून घेतात. फुगलेली कड वाळल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही, कारण फुगताना चुऱ्यामधली रेझिनची पकड सुटलेली असते. १८ मि.मी.ची कड २० मि.मी. झाली की भोकाचा मध्य सरकतो आणि बोल्ट चकतीत नीट येत नाही. म्हणून ताडपत्रीवर विसंबू नये, प्रत्येक फळी घरातच, कोरडी असताना, प्लास्टिकच्या ताणपट्टीत गुंडाळावी आणि टेम्पोच्या तळावर लाकडी पट्ट्या टाकून त्यावर उभी करावी. बंद टेम्पो मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्यावेत. नाशिकला पोचल्यावर वेष्टन त्याच दिवशी काढावे, कारण आत अडकलेली ओल बाहेरच्या पावसाइतकीच वाईट. ठेकेदाराकडून वाहतुकीचा विमा घेत असाल तर सुट्या केलेल्या फर्निचरबद्दल त्यात काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचावे.

नव्या घरी पहिला प्रश्न जागेचा. कपाट जमिनीवर निजवून जोडायचे आणि मग उभे करायचे, तर उभे होताना त्याचा कर्ण छताखाली मावला पाहिजे. २१०० मि.मी. उंची आणि ५५० मि.मी. खोली यांचा कर्ण सुमारे २१७० मि.मी. येतो. सात फुटांवर माळा असेल तर खाली २१३४ मि.मी.च मिळतात. म्हणजे कपाट माळ्याखाली बसेल, पण माळ्याखाली उभे करता येणार नाही. ते मोकळ्या छताखाली उभे करून, खाली गोधडी घालून, चौघांनी तळाशी धरून सरकवावे लागेल. त्यामुळे कपाट कुठे ठेवायचे ते आधी मोजून ठरवा.

जोडताना जुन्या भोकात स्क्रू घालण्याची एक रीत आहे आणि ती प्रत्येकाने शिकावी. स्क्रू भोकात टेकवून आधी घड्याळाच्या उलट दिशेने हलके फिरवावा. एका ठिकाणी तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते, तेथे जुन्या आट्यांचे तोंड असते. तेथून सुलट फिरवला की स्क्रू जुन्याच वाटेने, जवळजवळ विनासायास आत जातो. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर तो नवे आटे पाडत आहे असे समजून लगेच थांबावे. तरीही एखादे भोक ढिले निघालेच, तर त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी डॉवेल ठोकून एक रात्र वाळू द्यावी, बाहेर आलेला भाग सपाट कापावा आणि मध्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. बिजागरीच्या स्क्रूसाठी २.५ ते ३ मि.मी.चे भोक पुरते. काड्यापेटीच्या काड्या कोंबण्याचा उपाय दाराच्या वजनाखाली फार दिवस टिकत नाही. कड फुगून भुसभुशीत झाली असेल तर मात्र भरण करून उपयोग नाही, त्या ठिकाणी आतून लोखंडी कोन बसवून भार दुसरीकडे न्यावा.

चौकट जोडून झाली, की पाठ ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मेजपट्टीने मोजावेत. फरक २ मि.मी.पेक्षा जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांतून हलके दाबून चौकट काटकोनात आणावी आणि मगच पाठ बसवावी. जुन्या खिळ्यांच्या भोकांत खिळे पुन्हा धरत नाहीत. त्यांच्या थोडे बाजूला ३.५ × १६ मि.मी.चे स्क्रू वायसरसह लावले तर पाठ पूर्वीपेक्षा घट्ट बसते. कपाट उभे केल्यावर पाण्याच्या लेव्हलने तळ पाहावा आणि गरज असेल तेथे पायाखाली पट्टी सरकवावी. दारे वरखाली दिसत असतील तर दोष बहुतेक वेळा बिजागरीचा नसतो, जमिनीचा असतो. तळ सपाट केल्याशिवाय बिजागरीच्या स्क्रूला हात लावू नये. दारे बसवताना क्रम उलटा, वरची बिजागरी आधी.

शेवटचे काम म्हणजे कपाट भिंतीला बांधणे, आणि घर बदलल्यावर नेमके तेच राहून जाते. जून २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत मागवली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटे उलटून लहान मुलांचे जीव गेले होते. तुमच्या कपाटाची दारे, विशेषतः आरशाचे दार, एकदम उघडली की भार पुढे येतो. त्यात मूल ड्रॉवरवर चढले तर काय होईल ते सांगायला नको. नव्या घराच्या भिंती विटांच्या आहेत की हलक्या एएसी ब्लॉकच्या, हे बिल्डरला विचारावे किंवा ड्रिलमधून निघणारी भुकटी पाहावी. विटेची भुकटी लालसर असते, ब्लॉकची पांढुरकी आणि मऊ. ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा रावळप्लग भार आला की सरकून बाहेर येतो, तेथे एएसी ब्लॉकसाठीचे लांब, मोठ्या आट्यांचे प्लग वापरावेत आणि ड्रिलची हॅमर कळ बंद ठेवून भोक पाडावे. पट्टी कपाटाच्या पातळ पाठीत न लावता वरच्या किंवा बाजूच्या १८ मि.मी.च्या फळीत, दोन ठिकाणी लावावी.